नानांचा हजेरीपट

आमच्या गल्लीत दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी शाळा भरते. घंटा म्हणजे पेरूच्या झाडाला तारेनं टांगलेला रेल्वेरुळाचा हातभर तुकडा. शाळा म्हणजे सोनवणे नानांचा ओटा. मुख्याध्यापक म्हणजे बंडी आणि पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा घातलेले स्वतः सोनवणे नाना. आणि विद्यार्थी? विद्यार्थी धुळ्यात एकही नाही. सव्वीसच्या सव्वीस विद्यार्थी फ्रान्स आणि जर्मनीच्या सरहद्दीवरच्या एका गावात बाकांवर बसलेले असतात. तिकडे तेव्हा सकाळचे सात पन्नास होतात आणि त्यांची खरी शाळा भरते. तिच्याबरोबर नाना आपली भरवतात, एवढंच.

एवढंच असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण शाळा म्हटली की तास आले, आणि तास आले की टोल आले. तिकडचा तास पंचेचाळीस मिनिटांचा. म्हणजे बारा वीसला घंटा, एक पाचला घंटा, दीडच्या सुमारास आपण जेवून जरा लवंडावं, डोळा लागावा, की एक पन्नासला पुन्हा घंटा. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. नोकरीत दुपारी झोपत नव्हतो असं नाही, पण ती खुर्चीतली झोप, एक कान साहेबाच्या गाडीकडे. निवृत्तीनंतर चांगली पाठ टेकून, पंखा पाचवर लावून झोपायचं, हे माझं चौतीस वर्षांचं स्वप्न. देवपुरात हे घर घेतलं ते गल्ली शांत आहे म्हणून. दलालानं घर सकाळी दहा वाजता दाखवलं होतं. आता कळतं की त्यानं वेळ विचार करून निवडली होती.

राहायला आल्यावर चौथ्या दिवशी मी तणतणत नानांच्या ओट्यावर गेलो. नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. सत्तरी उलटलेला, काटकुळा, ताठ माणूस. पस्तीस वर्षं तालुक्याच्या माध्यमिक शाळेत होते, त्यातली शेवटची वीस मुख्याध्यापक म्हणून. माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कारण लेखी द्या."

हा त्यांचा ठेवणीतला शब्द. दूधवाला उशिरा आला, कारण लेखी द्या. नळाला पाणी आलं नाही, नगरसेवकाला फोन, कारण लेखी द्या. गेल्या वर्षी त्यांच्या पेरूला पेरू धरले नाहीत, तेव्हा ते झाडासमोर कमरेवर हात ठेवून उभे होते. ते झाडाला काय म्हणाले हे मला ऐकू आलं नाही, पण अंदाज आहे.

मीही सरकारी माणूस. घरी येऊन फुलस्केप कागदावर अर्ज लिहिला. विषय : दुपारची घंटा बंद करणेबाबत. नानांनी अर्ज घेतला, आवक क्रमांक टाकला, तारखेचा शिक्का मारला आणि मला पोच दिली. दोन दिवसांनी उत्तर आलं. सदर घंटा तिकडील वेळापत्रकानुसार वाजत असून त्यात बदल करणे आमच्या अखत्यारीत नाही, आपण तिकडे अर्ज करावा. इतकं चोख उत्तर मला नोकरीत कधी जमलं नव्हतं. त्या दिवसापासून नाना मला नावानं हाक मारत नाहीत. "काय पाटबंधारे, झोप झाली?" असं विचारतात. वेळ नेमकी दोन पस्तीसच्या घंटेनंतरची असते.

हळूहळू सगळा उलगडा झाला. नानांची एकुलती एक मुलगी सुलभा. इंजिनियर झाली, नोकरीसाठी जर्मनीला गेली. तिथं फ्रान्सच्या एका मुलाशी लग्न केलं. त्यांची मुलगी मीरा, बारा वर्षांची. ती ज्या शाळेत जाते त्या शाळेला दोन भाषा आहेत. अर्धी मुलं फ्रेंच घरांतली, अर्धी जर्मन घरांतली, सगळी एका बाकावर. इतिहास फ्रेंचमधून, भूगोल जर्मनमधून. नानांना याचं भारी कौतुक. "पाटबंधारे, दोन भांडकुदळ शेजाऱ्यांनी मिळून काढलेली शाळा आहे ही," ते म्हणत. "लढाया एकाच्या भाषेत शिकायच्या आणि नद्या दुसऱ्याच्या. नाहीतर आपली गल्ली बघा. गाडी लावण्यावरून चार नंबर आणि पाच नंबर दोन वर्षं बोलत नाहीत." मी चार नंबर.

मीराला मराठीचे पाच-सहा शब्द येतात. पाणी, बस, गरम, नको, असे. ती नऊ वर्षांची असताना आईबरोबर पंधरा दिवस धुळ्याला आली होती. आजोबा-नात समोरासमोर बसून एकमेकांकडे बघत. बोलणार काय? शेवटी नाना तिला आपल्या जुन्या शाळेत घेऊन गेले. तिथं विजेची घंटा आली तेव्हा जुना रुळाचा तुकडा अडगळीत पडला होता. मीरानं तो हातोड्यानं वाजवला आणि अख्खी शाळा मधली सुट्टी समजून बाहेर पळाली. पोरीला इतका आनंद झाला, की नानांनी तो तुकडा शाळेकडे रीतसर अर्ज करून मागून घेतला. परत गेल्यावर मीरानं आपल्या शाळेचं वेळापत्रक, वर्गाचा फोटो आणि सगळ्या मुलांची नावं पाठवली. नानांनी वेळापत्रक देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं. नावांचा हजेरीपट आखला. बारा वीसला घंटा, आणि घंटेनंतर ओट्यावर बसून मोठ्या आवाजात हजेरी. "एमिल! कामीय! क्लारा! ज्युलियां!"

आता ओट्यावर मोठ्यानं नाव घेतलं आणि कोणीच ओ दिली नाही, हे आमच्या गल्लीला बघवेना. पहिली ओ दिली समोरच्या अक्कांनी. अक्का साक्रीकडच्या, ऐंशीच्या घरातल्या, ओट्यावर शेंगा सोलत बसलेल्या. नानांनी "लुकास" म्हटलं, उत्तर नाही. पुन्हा "लुकास" म्हटलं. अक्कांनी मान वर न करता सांगून टाकलं, "हजर!" दुसऱ्या दिवसापासून लुकास अक्कांचा झाला. मग एकेका घरानं एकेक, कोणी दोन दोन मुलं वाटून घेतली. आमच्या हिनं क्लारा घेतली. मी मात्र कोणालाही घेतलं नाही. माझी झोप घालवणाऱ्या शाळेला मी पोरं पुरवू की काय?

तिकडे शाळा सुटली की मीराचा फोनवर एका ओळीचा निरोप येतो. त्या दिवशी कोण आलं नव्हतं, त्यांची नुसती नावं. आजोबा-नातीचा एवढाच पत्रव्यवहार, पण एक दिवस चुकत नाही. नाना लाल शाईनं हजेरी दुरुस्त करतात आणि ज्याचं मूल गैरहजर त्याच्या फाटकाशी जातात.

"अक्का, लुकास आज गैरहजर. तुम्ही हजर सांगितलं होतं. कारण?"

"काय व्हयनं त्याले?" अक्का शेंगा टाकून उठतात. "थंडी बाधनी व्हई. त्याले सांगा, सुंठ आनि गूळ खाय म्हना."

"आपला निरोप पोचवतो," नाना शुद्ध मराठीत म्हणतात. अक्का काहीही बोलोत, नाना उत्तर छापील मराठीतच देतात. त्यांचं स्वतःचं गाव शिरपूरच्या पलीकडे, आईबापांना अहिराणीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. पण मुख्याध्यापक झाले तेव्हा त्यांनी शाळेच्या फाटकाच्या आत बोलीला बंदी केली. पुढं ती बंदी घराच्या फाटकापर्यंत आली आणि तिथंच राहिली.

तिकडच्या सुट्ट्या नाना कसोशीनं पाळतात. नाताळात पंधरा दिवस घंटा बंद. मी पहिल्या वर्षी अगदी दिवस मोजून वाट पाहिली होती. पहिल्या दुपारी पाठ टेकली, पंखा लावला आणि एक पन्नासपर्यंत टक्क जागा राहिलो. मग दोन पस्तीसपर्यंत. हे मी नानांना सांगितलेलं नाही. जानेवारीत एकदा दूधवाल्याला ते म्हणाले, "उद्या ज्यादा दूध नको, चहाला कोणी येणार नाही. बर्फामुळे शाळा बंद आहे." दूधवाला घाम पुसत आमच्याकडे आला आणि हळूच विचारलं, "नाना बरे आहेत ना?" मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची सगळी घड्याळं एक तास पुढं जातात. मग नानांची शाळा अकरा वीसला भरते आणि ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा बारा वीसवर येते. धुळ्यात ही गोष्ट माहीत असलेली आमची एकच गल्ली असेल. आमच्याकडे पापड वाळत घालायच्या वेळासुद्धा त्यावर ठरतात.

आणि नाना दोन्ही भाषा शिकत होते. फ्रेंच फोनवरच्या धड्यांतून. विषम तारखेला फ्रेंच, सम तारखेला जर्मन. एक तारखेला दूधवाल्याला "बोंजूर", दोन तारखेला "गुटेन मोर्गेन". दूधवाला दोन्ही दिवस "राम राम नाना" म्हणे. जर्मन शिकायला मात्र त्यांना जिवंत गुरू लाभला होता. भुसावळला राहणारे एक निवृत्त फोरमन. ऐन उमेदीत कारखान्यानं त्यांना यंत्राच्या प्रशिक्षणासाठी सहा महिने जर्मनीला पाठवलं होतं. दर दुसऱ्या शनिवारी नाना डबा घेऊन एसटीनं भुसावळला जात. फोरमनची जर्मन सगळी लेथ मशीनची. शिवाय मशीन चालू असताना बसायचं नाही हा त्यांचा नियम, म्हणून धडा उभ्यानं. त्यामुळे नाना आजही जर्मन बोलायचं झालं की आधी उभे राहतात. बसून त्यांना जर्मन येत नाही. मीराच्या वाढदिवसाला त्यांनी फोनवर उभं राहून, छाती काढून, येत होती ती तिन्ही वाक्यं म्हटली. तेलाची पातळी तपासा. पट्टा सैल झाला आहे. आत हात घालू नका. मीरा म्हणे दिवसभर हसत होती आणि तिच्या वर्गात महिनाभर कोणी दप्तराला हात लावला की मुलं ते तिसरं वाक्य ओरडत होती.

सुलभाचा फोन रविवारी येतो. चार मिनिटं. मी एकदा समोर बसलो होतो.

"गोळ्या घेता ना, सर?"

"घेतो."

"डॉक्टरांकडे जाऊन आलात, सर?"

"सोमवारी जाणार आहे."

मुलगी बापाला सर म्हणते हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. फोन ठेवल्यावर मी विचारलं. नाना हजेरीपटावर पट्टी ठेवून रेघ मारत होते. रेघ पुरी केली आणि मग बोलले. "सुलभा सहावी ते दहावी माझ्याच शाळेत होती. पहिल्या दिवशी मी तिला सांगितलं, शाळेत मी तुझा बाप नाही. पटावर तिचा क्रमांक सदतीस. मी तिला सदतीस म्हणायचो. नावानं हाक मारली असती तर पक्षपात दिसला असता. बक्षीस समारंभात तिला पहिलं बक्षीस मीच दिलं. म्हटलं, क्रमांक सदतीस, अभिनंदन. पालकसभेला तिची आई यायची. मी असायचो, पण व्यासपीठावर." पट्टी उचलून म्हणाले, "घरी आल्यावर तरी बदलायला हवं होतं. ते राहून गेलं." नानी जाऊन सहा वर्षं झाली होती. मी चहा मागितला.

यंदा फेब्रुवारीत मीराच्या शाळेकडून नानांना पत्र आलं. तिच्या वर्गात आजी-आजोबांचा तास होता. प्रत्येकानं आपल्या काळच्या शाळेबद्दल सांगायचं. जवळचे येऊन सांगणार, लांबचे पडद्यावरून. नानांना बारा मिनिटं. सहा फ्रेंच, सहा जर्मन. पालकांनी मागे उभं राहून ऐकायला हरकत नाही, असंही लिहिलं होतं. नानांनी ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली.

"सुलभा येणार आहे," ते म्हणाले. "रजा टाकली आहे तिनं. पाटबंधारे, मला ही बारा मिनिटं बोलता आलं पाहिजे."

"येईल की हो. दोन वर्षं तेच तर करताय."

"मीरासाठी नव्हे," नाना म्हणाले. "म्हणजे मीरासाठी आहेच. पण सुलभाला दोन्ही भाषा येतात. मला तिला जे सांगायचंय ते मराठीत सांगता येत नाही. प्रयत्न करून पाहिला. मराठीत तोंड उघडलं की मुख्याध्यापक बोलायला लागतात."

त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूचा झालो, हे मला कबूल केलं पाहिजे.

दीड महिना तयारी चालली. नानांनी भाषण लिहून काढलं, फोरमननी जर्मन तपासलं, फोननं फ्रेंच. रोज संध्याकाळी सराव. दोन मिनिटं बसून फ्रेंच, दोन मिनिटं उभं राहून जर्मन. मी ते भाषण तीसेक वेळा ऐकलं आणि एक अक्षर मला समजलं नाही. गल्लीनं समिती नेमली. तास तिकडच्या साडेनऊला, म्हणजे बदललेल्या घड्याळाप्रमाणे आपल्याकडे दुपारी एक वाजता. पाऊण ते दीड कोणी कुकर लावायचा नाही. भाजीवाल्याला भोंग्यासकट पलीकडच्या गल्लीत वळवायचं. वीज गेली तर पाच नंबरच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढायची. ती वायर माझ्या गच्चीवरून जाणार होती, म्हणून दोन वर्षांनी आम्हाला बोलावं लागलं. माझ्या मुलाचा जुना लॅपटॉप नानांच्या टेबलावर तेलाच्या डब्यावर ठेवला आणि तो सांभाळायचं काम माझ्याकडे आलं.

एप्रिल लागायचा होता, पण ऊन असं की डांबर मऊ झालं होतं. नाना निवृत्तीच्या दिवशी शिवलेला काळा कोट घालून बसले. गल्लीतली पंधरा-वीस माणसं भिंतीला टेकून, तोंडाला पदर आणि रुमाल लावून. अक्कांनी दम भरून ठेवला होता, "बठ्ठा चूप बठा."

एक वाजता पडदा उजळला. सव्वीस मुलं. मीरा पहिल्या बाकावर, दोन वेण्या घातलेली. मागे भिंतीशी आठ-दहा मोठी माणसं आणि त्यांत निळ्या स्वेटरमध्ये सुलभा. फोटोत पाहिली होती त्यापेक्षा केस पांढरे झालेले.

नानांनी फ्रेंचमध्ये सुरुवात केली. झकास! मुलं ऐकत होती, वर्गाच्या बाई मान डोलावत होत्या. दोन मिनिटांनी जर्मनची पाळी आली आणि नाना उभे राहिले. हे मात्र समितीच्या लक्षातच आलं नव्हतं. पडद्यावर तिकडच्यांना नुसती कोटाची बटणं दिसायला लागली. मी धावत जाऊन लॅपटॉपचं झाकण मागे कलवलं. नाना बसले, झाकण पुढं. उभे राहिले, झाकण मागे. चौथ्या मिनिटाला तिकडची पोरं खिदळायला लागली, पण नाना भाषणात असे रंगले होते की त्यांना पत्ता नव्हता. दहा मिनिटं उत्तम गेली. माझा हात दुखायला लागला होता, पण मी खूष होतो.

मग नाना पुन्हा उभे राहिले. कागद डोळ्यांजवळ नेला. तीन-चार वाक्यं बोलले आणि थांबले.

विसरले, मला वाटलं. पंख्याचा आवाज येत होता. तिकडच्या बाईंनी हसून काहीतरी पुटपुटून धीर दिला. मीरा ओठांनी काही सुचवायला बघत होती. नाना कागदाकडे बघत नुसते उभे. कपाळावरचा घाम कोटावर ठिबकत होता. मी झाकण धरून बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, देवा, ह्यांना एक वाक्य दे, मग आयुष्यभर दुपारी झोपू नकोस म्हण.

नाना खाली बसले. कागद लॅपटॉपखाली सरकवला. ड्रॉवर उघडला, हजेरीपट काढला आणि चष्मा सारखा केला.

"एमिल," त्यांनी हाक मारली.

वर्ग गोंधळला. मग एक सोनेरी केसांचा मुलगा चाचरत उठला. "हीअर."

"कामीय."

"प्रेझां!"

"क्लारा. ज्युलियां." एकेक मूल उठायला लागलं. इतक्या लांबचा, कधी न पाहिलेला म्हातारा आपलं नाव न अडखळता घेतो आहे, हे पोरांच्या लक्षात आलं आणि वर्ग कसा उजळून गेला. नानांचा आवाज बसका होता तो मोकळा झाला. पस्तीस वर्षं रोज केलेलं काम ते.

"लुकास."

"हजर!" भिंतीकडून अक्कांनी खणखणीत आवाजात सांगितलं.

तिकडं तिसऱ्या बाकावरचा एक चष्मेवाला, किडकिडीत मुलगा दोन्ही हात हलवत उभा राहिला. माझं नाव आहे, मी इथं आहे, असं तो आपल्या भाषेत सांगत असावा. वर्ग खो-खो हसत सुटला. अक्का तरातरा पुढं आल्या आणि त्यांनी पडद्याला नाक लावलं.

"हाऊ शे का मना लुकास? कितला बारीक शे रे! काई खास-पेस का नही? दोन वरीस पासून मी त्यानी हजेरी देस, आनि हाऊ माले वळखसबी नही!"

आता समितीचा बांध फुटला. पुढच्या प्रत्येक नावाला तिकडून एक आणि इकडून एक अशा दोन दोन ओ यायला लागल्या. बाई डोळे पुसत हसत होत्या. "मीरा" म्हटल्यावर मीरा बाकावर उभी राहून ओरडली, "हजर!" तो तिचा मराठीतला सातवा शब्द असावा.

सव्वीस नावं संपली. मी झाकणावरचा हात काढला. पण नानांनी पान उलटलं.

"सुलभा यशवंत सोनवणे."

मागच्या भिंतीशी निळा स्वेटर हलला. बाजूच्या पालकांनी तिच्याकडे पाहिलं. बाई काय चाललंय ते न कळून वळल्या. सुलभानं हात खाली घेतले आणि शाळेत उभं राहतात तशी ताठ उभी राहिली.

"हजर, सर."

नानांनी मान हलवली. नाही, अशी.

"सर नही," ते म्हणाले. नानांच्या तोंडून अहिराणी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. "आज तुना बाप उना शे." तुझा बाप आला आहे, असं.

इकडं आमची ही आणि अक्का दोघी एकाच पदरानं डोळे पुसत होत्या. माझ्याबद्दल म्हणाल तर उन्हामुळे डोळ्यांतून पाणी येतं मला. मीरा उठून मागे गेली आणि आईच्या पोटाला बिलगली. मग बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि सगळा वर्ग वाजवायला लागला. भाषण पुरं झालं नाही हे कोणाच्या लक्षात राहिलं नसावं.

संध्याकाळी लॅपटॉप उचलायला गेलो तर तेलाच्या डब्यावर तो कागद तसाच होता. तीन रकाने आखलेले. डावीकडं फ्रेंच, उजवीकडं जर्मन, दोन्ही देवनागरीत. मधल्या अरुंद रकान्यात शाईच्या बारीक अक्षरांत मराठी. वाचायचा नव्हता मी, पण डोळे गेले. शेवटच्या ओळी अशा होत्या : माझी मुलगी पाच वर्षे माझ्या शाळेत होती. पालकसभेला तिचे वडील एकदाही आले नाहीत. कारण :

त्यापुढं काही नव्हतं. तिन्ही रकान्यांत नव्हतं. पेन्सिलीनं लिहून आणि खोडून, लिहून आणि खोडून तिथला कागद पातळ झाला होता. उजेडाकडं धरला तर आरपार दिसत होतं. नाना काही विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी अकरा वीसला घंटा झाली. कागद परत द्यायचा म्हणून निघालो, पण चप्पल शोधण्यात दोन मिनिटं गेली. नानांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग माझ्या हातातल्या कागदाकडं. "का..." असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. कागद घेतला, घडी केली, बंडीच्या खिशात ठेवला आणि ओट्यावर सरकून मला जागा करून दिली.

"बसा, पाटबंधारे."

मी बसलो. हजेरी सुरू झाली. लुकासपाशी अक्कांनी ओ दिली, क्लारापाशी आमच्या हिनं. सव्वीस झाली. सत्ताविसावं नाव, सुलभाचं, आता पटावर शाईनं लिहिलेलं होतं. नानांनी ते घेतलं आणि ओ द्यायला गल्लीत कोणी नव्हतं, कारण सगळ्यांची मुलं आधीच वाटली गेली होती. माझ्या वाट्याला कोणी नव्हतं.

"हजर," मी म्हणालो.

त्या दिवसापासून नानांनी कोणाकडेही कारण लेखी मागितलेलं नाही. दूधवाला आता रोज उशिरा येतो.